पोळ्या लाटता लाटता : जोडीदाराचे रोजचे फोटो

लग्नातले, सहलीतले, वाढदिवसाचे फोटो घरोघरी ढिगाने असतात. पण मंगळवारी सकाळी पावणेआठला डबा भरणाऱ्या बायकोचा किंवा दाराशी बसून बुटांना पॉलिश करणाऱ्या नवऱ्याचा फोटो शोधायला गेलं तर बहुतेक वेळा सापडत नाही. कुणी काढायला गेलंच तर पहिलं वाक्य ठरलेलं असतं. “अगं, जरा इकडे बघ.” नाहीतर, “अहो, दोन मिनिटं थांबा ना.” तिथेच फोटो गेला. बघ म्हटलं की खांदे ताठ होतात, हनुवटी वर जाते, ओठांवर ठरलेलं हसू येतं आणि हातातलं काम थांबतं. ज्या कामासाठी फोटो काढायचा होता तेच चौकटीतून निघून जातं.

म्हणून या छंदात माणसाला थांबवायचं नाही, आपण थांबायचं. जागा, उजेड, चौकट, सेटिंग सगळं आधी ठरवून उभं राहायचं आणि माणूस आपल्या कामासाठी तिथे येईल याची वाट बघायची. बाहेरच्या फोटोग्राफरकडे नसलेली एक गोष्ट आपल्याकडे असते. चहा कुठे उभं राहून पितात, केस कुठल्या खिडकीत वाळवतात, पेपर वाचताना चष्मा कधी कपाळावर जातो, हे आपल्याला पाठ असतं. कॅमेऱ्याच्या किमतीपेक्षा ही माहिती जास्त उपयोगाची आहे.

आधी बोलून घ्या

पहिला फोटो काढण्याआधी दोघांनी बसून चार गोष्टी ठरवाव्यात. कुठल्या वेळी कॅमेरा चालेल आणि कुठल्या वेळी अजिबात नाही. कुठल्या कपड्यांत चालेल. फोटो कुणाला दाखवायचे. आणि नको असलेला फोटो कोण पुसणार.

कपड्यांचा मुद्दा किरकोळ वाटतो, पण सगळ्यात जास्त वाद तिथेच होतात. घरातला गाऊन, रविवारचे तेल लावलेले केस, बनियन आणि लुंगी हे खरं रोजचं रूप असतं, आणि नेमकं तेच लोकांना दाखवायची लाज वाटते. जोडीदार म्हणाला “गाऊनमधले नकोत”, तर नकोत. जबरदस्तीने काढलेल्या फोटोत ती जबरदस्ती दिसते. बरेचदा महिन्याभरात, घेतलेले फोटो आपण कुठेच टाकत नाही याची खात्री पटली की, ही अट आपोआप सैल होते. झोपेतले, अंघोळीनंतरचे, आजारपणातले फोटो मात्र दरवेळी वेगळं विचारूनच.

पुसण्याचा हक्क जोडीदाराचा, आणि तोही कारण न सांगता. आठवड्यातून एकदा दोघांनी मिळून फोटो बघायचे. “हा नको” म्हटलं की तो लगेच, त्याच्यासमोर, ट्रॅशमधूनही काढायचा. आवडता फोटो हातचा जातो तेव्हा वाईट वाटतं. तरी हा नियम मोडू नका, कारण पुढची दहा वर्षं कॅमेरा घरात मोकळेपणाने फिरू शकेल की नाही, हे याच्यावरच ठरतं.

फोनच्या बाबतीत एक गोष्ट आधीच तपासा. फोनमधला अल्बम आपोआप कुटुंबाच्या सामायिक अल्बमला किंवा टीव्हीच्या स्क्रीनसेव्हरला जोडलेला असेल, तर सकाळचा खाजगी फोटो संध्याकाळी पाहुण्यांसमोर झळकतो. या कामासाठी वेगळा, कुलूपबंद फोल्डर ठेवा.

घराचा उजेड लिहून काढा

एक सुट्टीचा दिवस घ्या आणि सकाळी सात ते संध्याकाळी सात दर तासाला घरभर एक चक्कर मारा. प्रत्येक खिडकीपाशी आपलाच तळहात उभा धरून बघा. एका बाजूने उजळ आणि दुसऱ्या बाजूला मऊ सावली दिसली, तर त्या तासाला ती जागा चांगली. कागदावर नोंद करा : स्वयंपाकघर साडेसात ते नऊ, गॅलरी साडेचारनंतर, देवघराचा कोपरा दुपारी बारा. या एका कागदावर महिनोन् महिने काम चालतं.

हा कागद ऋतूप्रमाणे बदलतो. मुंबई-पुण्याच्या पट्ट्यात मेच्या मध्यावर आणि जुलैच्या शेवटी भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, आणि या दोहोंच्या मध्ये तर तो दुपारी किंचित उत्तरेला असतो. त्या काळात दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आत येतच नाही आणि गच्चीवर दुपारी काढलेल्या फोटोत डोळ्यांच्या जागी नुसते काळे खड्डे दिसतात. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारचा सूर्य दक्षिणेला साधारण ४८ अंशांवर असतो. सात फूट उंचीच्या चौकटीतून, वर छज्जा नसेल तर, त्याचा कवडसा सहा फूट आतपर्यंत जमिनीवर पसरतो. धान्य निवडायला, मटार सोलायला, मुलाच्या वह्यांना कव्हर घालायला माणसं थंडीत त्याच कवडशात येऊन बसतात. वर्षातले दोन महिने मिळणारा हा उजेड सोडू नका.

कवडसा थेट चेहऱ्यावर पडला तर निम्मा चेहरा पांढराफटक होतो. तो हातांवर, मांडीवर किंवा शेजारच्या भिंतीवर पडू द्या. चेहरा भिंतीवरून परतलेल्या उजेडात आला की हवा तसा दिसतो. खिडकीला पांढरं जुनं धोतर किंवा पातळ सुती पडदा लावला तरी ऊन मऊ होतं. मात्र रंगीत पडदा तेवढा टाळा, हिरव्या पडद्यातून आलेला उजेड त्वचेला आजारी छटा देतो आणि ती नंतर कितीही खटाटोप केला तरी पूर्ण जात नाही.

आणि ट्यूब बंद करा. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा मोठा तितका उजेड निळसर. दिवसा खिडकीचा उजेड साधारण ५५०० केल्विनचा, घरातली पांढरी एलईडी ६५०० ची, पिवळा दिवा २७०० ते ३००० चा. तिन्ही एकत्र आले की गालाची एक बाजू निळी आणि एक नारिंगी होते. कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंग आपोआप सुधारणारी सोय, यातलं एकच काहीतरी दुरुस्त करू शकतो. एका वेळी एकच प्रकारचा उजेड, एवढं पाळलं तरी फोटोंचा दर्जा एका दिवसात बदलतो.

ओट्यावरच्या पोळ्या

आता एक प्रसंग सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघू. सकाळ, ओट्यासमोर किंवा बाजूला खिडकी, पोळ्या चालू आहेत.

पाच मिनिटं आधी स्वयंपाकघरात जा. लेन्सवर किंवा फोनच्या काचेवर फोडणीचा तेलकट थर बसलेला असतो, तो चष्म्याच्या कापडाने पुसा. फोटोत दिव्याभोवती दिसणारी धुरकट झालर बहुतेक वेळा या तेलाची असते. ओट्यावरची लाल किंवा निळी प्लास्टिकची पिशवी बाजूला करा. बाकी काही आवरू नका. मसाल्याचा डबा, उघडी कणीक, तेलाची बुधली हेच तर घर आहे. पण भडक प्लास्टिक चेहऱ्याच्या आधी नजर खेचतं.

उभं राहायचं उंबऱ्यावर, जोडीदाराच्या कुशीच्या बाजूने. लहान फ्लॅटच्या स्वयंपाकघरात तिथून माणूस पाच-सहा फुटांवर येतो आणि वाटही अडत नाही. कुशीच्या बाजूने घेण्याचं दुसरं कारण फोकसचं आहे. समोरून घेतलं तर हात चेहऱ्याच्या फूटभर पुढे येतात आणि दोन्ही स्पष्ट मिळत नाहीत. बाजूने घेतलं तर हात आणि चेहरा साधारण एकाच अंतरावर राहतात. लेन्सचं तोंड, म्हणजे अपर्चर, किती उघडं आहे ते एफच्या आकड्यावरून कळतं, आकडा लहान तितकं तोंड मोठं. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ३५ एमएम लेन्स, सहा फूट अंतर आणि एफ २ असेल तर स्पष्टतेची पट्टी जेमतेम एक फूट असते, एफ २.८ ला ती दीड फुटाच्या आसपास जाते. ती अर्ध्या फुटाची सवलत घ्या.

शटर स्पीड १/२५०, म्हणजे शटर सेकंदाचा अडीचशेवा भाग उघडं. पोळी लाटताना मनगट वेगाने पुढे-मागे जातं आणि १/६० ला हात पुसट येतात. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाबाबतची संवेदनशीलता, १६०० वर ठेवून बघा, ढगाळ सकाळी ३२०० लागेल. दाणे दिसले तर दिसू देत. दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही. मागे पांढऱ्या टाइल्स असतील तर कॅमेरा त्या टाइल्स बघून सगळंच गडद करतो आणि सावळा चेहरा काळवंडतो. एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, अधिक ०.७ करा. गडद रंगाची भिंत असेल तर उलट, उणे ०.३.

खिडकी चौकटीत घेऊ नका, तिचा उजेड तेवढा घ्या. खिडकी आत आली की एकतर ती पांढरीफटक होते किंवा माणूस काळा. चौकट अशी धरा की वरच्या कडेला डोक्यावर चार बोटं जागा आणि खालच्या कडेला पोळपाट पूर्ण. पोळपाट अर्धा कापला गेला तर हातांना काम उरत नाही.

मग वाट बघा. पहिल्या दोन पोळ्यांपर्यंत जोडीदाराला आपली जाणीव असते, हे त्याच्या मानेवरून कळतं. एकही फोटो काढू नका. तिसऱ्या-चौथ्या पोळीला काम स्वतःच्या लयीत येतं. तेव्हा बघण्यासारखे तीन क्षण असतात. पोळी फिरवताना बोटं उचलली जातात तो. पोळी तव्यावर टाकायला वळतात तो, इथे चेहरा खिडकीकडे येतो आणि डोळ्यांत उजेडाचा ठिपका पडतो. आणि हाताला पीठ असल्यामुळे कपाळावरची बट मनगटाच्या मागच्या बाजूने सारतात तो. हा शेवटचा क्षण एका पोळ्यांच्या घाण्यात एकदा-दोनदाच येतो. आला की सलग तीन-चार फोटो घ्या. पहिल्यात हात चेहऱ्यासमोर असतो, तिसऱ्यात बहुधा मोकळा झालेला असतो.

तव्यावरची वाफ पकडायची असेल तर उजेड वाफेच्या मागून हवा आणि वाफेच्या मागची जागा गडद हवी. पांढऱ्या टाइल्ससमोर वाफ दिसतच नाही. उघडं फडताळ किंवा अंधारं पॅसेज मागे येईल असे एक पाऊल बाजूला सरका. चिमणी चालू असेल तर वाफ वर ओढली जाते, त्यामुळे ती दोन मिनिटं बंद ठेवता येते का, ते जोडीदाराला आधी विचारा. फोडणीच्या वेळी मात्र विचारू नका.

दहा मिनिटं झाली की कॅमेरा ठेवा आणि पोळ्या डब्यात भरायला हात लावा. हे सौजन्य म्हणून तर आहेच, शिवाय रोज नुसतं बघत उभं राहणारं माणूस कुणालाही जड होतं.

लेन्स आणि फोन

एपीएस-सी (लहान सेन्सरचा) कॅमेरा घेतलेल्या पुष्कळांकडे ५० एमएम एफ १.८ असते, कारण ती स्वस्त आणि चांगली आहे. पण घरात ती फार जवळचं दाखवते. सहा फुटांवरून आडव्या चौकटीत पावणेतीन फूट रुंदी मावते, म्हणजे चेहरा आणि खांदे. फुल फ्रेमवर ३५ किंवा एपीएस-सीवर २३-२४ एमएम घेतली तर त्याच जागेवरून सहा फूट रुंद आणि चार फूट उंच जागा मिळते. त्यात माणूस, काम आणि खोली तिन्ही येतात. पन्नासची गच्चीवर आणि दिवाणखान्यात वापरा.

फोनवर मुख्य कॅमेरा साधारण २४ ते २६ एमएमइतकं रुंद बघतो. दोन फुटांवरून चेहरा घेतला की नाक मोठं आणि कान लहान होतात, कारण नाक कॅमेऱ्याला प्रमाणाबाहेर जवळ असतं. पाच फूट मागे जाऊन २एक्स वापरा. चेहरा चौकटीच्या टोकाला ठेवू नका, तिथे तो ताणला जातो. ब्यूटी फिल्टर बंद करा. डोळ्यांखालच्या रेषा आणि गालावरचा तीळ पुसून टाकणारा कॅमेरा या कामाला निरुपयोगी आहे. पडद्यावर चेहऱ्यावर बोट दाबून धरलं की बहुतेक फोनमध्ये फोकस आणि एक्स्पोजर बांधले जातात, मग बोट किंचित खाली ओढून उजेड थोडा कमी करा. शटरचा आवाज बंद करता येत असेल तर करा, पण गुपचूप फोटो काढण्यासाठी म्हणून नाही. प्रत्येक ‘खट्’ला माणसाचं काम एक क्षण अडखळतं, ते टाळायचं आहे.

कॅमेऱ्याची उंची हा सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा. बसलेल्या माणसाचा उभ्याने घेतलेला फोटो त्याला छोटं, बिचारं करून टाकतो. जमिनीवर बसून भाजी निवडणारी व्यक्ती असेल तर आपणही मांडी घालून बसा. कॅमेरा त्यांच्या छातीच्या उंचीवर आला की माणूस आणि काम दोन्हींना वजन येतं.

आरशातली दाढी

बेसिनसमोर दाढी करणारा नवरा हा सोपा वाटणारा आणि हमखास फसणारा विषय आहे. ऑटोफोकस आरशाच्या चौकटीवर किंवा काचेवरच्या पाण्याच्या डागांवर जातो आणि चेहरा पुसट राहतो. आरसा आपल्यापासून चार फुटांवर आणि चेहरा आरशापासून दोन फुटांवर असेल, तर प्रतिबिंबाचा फोकस सहा फुटांवर लागतो, चारवर नाही. फोकसचा बिंदू हाताने प्रतिबिंबातल्या डोळ्यावर ठेवा. आरसा कोरड्या कापडाने आधी पुसा. नाहीतर अपर्चर जास्त उघडं असताना डागांचं पातळ धुकं तयार होतं.

आपण स्वतः आरशात दिसू नये म्हणून त्यांच्या खांद्यामागे, थोडं बाजूला, तिरकं उभं राहा. आपल्याला आरशात त्यांचे डोळे दिसतील, पण स्वतःचा कॅमेरा दिसणार नाही, अशी जागा सापडेपर्यंत सरका. आरशाच्या वरचा दिवा डोळ्यांखाली आणि नाकाखाली काळ्या सावल्या पाडतो. तो बंद करून बाजूच्या खिडकीवर भागतं का ते बघा. फेसाचा पांढरा भाग उजळून सपाट होऊ नये म्हणून एक्स्पोजर उणे ०.३. वरच्या ओठाची दाढी करताना तोंड वाकडं होतं, तो फोटो बहुतेकांना आवडत नाही. गाल आतून जिभेने फुगवून रेझर खाली आणतात, तो चांगला येतो.

रात्री

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे अनेक एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. डोळ्याला कळत नाही, पण १/२५० किंवा १/५०० ला, विशेषतः इलेक्ट्रॉनिक शटरवर, फोटोत आडवे काळे पट्टे येतात. उपाय सोपा आहे : १/१०० किंवा १/५० वापरा, म्हणजे दिव्याचे पूर्ण फेरे शटरमध्ये बसतात. एफ २.८, १/१००, आयएसओ ३२०० वर बहुतेक दिवाणखाने निभावतात.

छतावरची ट्यूब बंद करून एक टेबललॅम्प जोडीदाराच्या बाजूला, चेहऱ्याच्या थोडा वर ठेवला तर शिवण, वाचन, हिशेबाची वही यांचे फोटो फार सुंदर येतात. चष्म्यावर दिव्याचं प्रतिबिंब पडलं तर दिवा वीतभर वर उचला; माणसाला मान वळवायला सांगू नका. लाइट गेल्यावर मेणबत्तीत किंवा फोनच्या टॉर्चमध्ये बसलेलं माणूस हा तर दवडू नये असा योग आहे. तेव्हा १/३० आणि कोपर टेबलावर टेकवा.

फ्लॅश घरात नकोच.

पावसाळा

पावसाळ्यात घरात उजेड एवढा कमी होतो की नेहमीच्या दुप्पट-चौपट आयएसओ लागतो, पण तो उजेड सगळीकडून सारखा येतो आणि गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर एकही कठीण सावली पडत नाही. खिडकीच्या गजांवरचे थेंब आणि मागे माणूस असा फोटो घेताना फोकस कुणावर हवा ते आधी ठरवा. लेन्सला बुरशी याच दिवसांत लागते. कॅमेरा कपाटात कपड्यांमध्ये ठेवू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवा, आत आर्द्रतामापक ठेवला तर काटा ४० ते ५० टक्क्यांमध्ये हवा. आणि आठवड्यातून एकदा तरी कॅमेरा वापरा.

निवड, छपाई, जपणूक

रोज दहा मिनिटं पुरतात, आणि आठवड्याला ५०-६० फोटो. त्यातले तीन ठेवा. निवडताना सगळ्यात स्पष्ट फोटो घेण्याकडे कल असतो, पण हात काय करतायत ते आधी बघा. हात बोलत नसतील तर चेहरा कितीही सुरेख असला तरी तो फोटो दुसऱ्या कुठल्याही दिवशीचा असू शकतो. डोळे मिटलेले, पाठमोरे, नुसते पाय असे फोटो लगेच टाकू नका. वर्षभराने त्यांची किंमत कळते. अंगणात चप्पल घालताना भिंतीला टेकवलेला हात, एवढ्यावरून घरातल्या कुणालाही माणूस ओळखता येतो.

एकच जागा किंवा एकच मांडणी दीर्घकाळ धरून बघण्याची पद्धत जुनी आणि फार फलदायी आहे. अमेरिकी फोटोग्राफर निकोलस निक्सन यांनी १९७५ पासून दरवर्षी पत्नी बेबी आणि तिच्या तीन बहिणींचा एकत्र फोटो काढला, चौघी कायम त्याच क्रमाने उभ्या. जपानच्या मासाहिसा फुकासे यांनी १९७४ मध्ये पत्नी योको रोज कामाला निघताना वरच्या मजल्याच्या खिडकीतून तिचे फोटो घेतले. खिडकी तीच, योको रोज वेगळी. आपल्याला हे सहज जमण्यासारखं आहे : रोज सकाळी जिना उतरताना, किंवा फाटकाशी स्कूटर काढताना, वरून एक फोटो. पण याच जोडप्याकडून एक सावधगिरीही घ्यावी. नवरा आपल्याकडे लेन्समधूनच बघतो, अशी तक्रार योको यांनी लिहून मांडली होती, आणि १९७६ मध्ये दोघं विभक्त झाले. आठवड्यातला एक पूर्ण दिवस कॅमेरा कपाटात ठेवा. भांडण, रडणं, दवाखान्यातली वाट बघणं, अशा वेळी जोडीदाराला आपले दोन्ही हात मोकळे हवे असतात.

महिन्याला बारा फोटो छापा. फोनवरचे फोटो कुणी पुन्हा बघत नाही. ४ बाय ६ इंचांच्या प्रिंटला १२०० बाय १८०० पिक्सेल पुरतात, ८ बाय १२ ला २४०० बाय ३६०० लागतात. स्टुडिओत व्हॉट्सअॅपवर पाठवणार असाल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. साधा फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान होतो आणि प्रिंटमध्ये चेहरा मेणासारखा दिसतो. “ऑटो करेक्शन नको” हे दुकानात आवर्जून सांगा, नाहीतर सावळी त्वचा उजळवून आणि मुद्दाम ठेवलेली सावली पुसून प्रिंट हातात येते. आधी एकच प्रिंट काढून बघा. पडद्यापेक्षा कागदावर फोटो गडद येतो, त्यामुळे छपाईच्या प्रतीत उजेड किंचित वाढवावा लागतो.

मूळ फाइली तीन ठिकाणी ठेवा : संगणकावर, वेगळ्या हार्ड डिस्कवर आणि तिसरी प्रत घराबाहेर किंवा क्लाउडवर. फाइलच्या नावात तारीख आधी लिहा, २०२५-०८-१२-ओटा अशी, म्हणजे सगळे आपोआप क्रमाने लागतात. प्रिंटच्या मागे मऊ पेन्सिलने तारीख, जागा आणि काय चाललं होतं ते लिहा. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूने उमटतो आणि शाई शेजारच्या प्रिंटला लागते. ओळ लिहायचं काम ज्याचा फोटो आहे त्याला द्या. “गुरुवार, गॅस संपला होता, शेवटची पोळी कच्ची” असं काहीतरी त्यांना आठवतं आणि आपल्याला ते ठाऊकही नसतं.